'पोटेंटिला'च्या खात्यावरची यू-१८४: नॉर्वेच्या कॉर्व्हेटने २० नोव्हेंबर १९४२ला नेमकं काय केलं?

खारेवारे (धागालेखक)

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांच्या याद्या चाळल्या की एक नोंद अजून जागोजागी सापडते: 'यू-१८४, २० नोव्हेंबर १९४२, नॉर्वेजियन कॉर्व्हेट पोटेंटिलाने बुडवली.' ही नोंद चूक आहे. ब्रिटिश नौदलाच्या इतिहासकारांनी कागदपत्रं पुन्हा तपासून ती मागे घेतली. आज यू-१८४ 'बेपत्ता' या सदरात आहे. ५० माणसं, कारण अज्ञात.

पण एवढंच सांगून थांबलं तर पोटेंटिलाने काहीच केलं नाही असा समज होतो, आणि तो पहिल्या चुकीपेक्षा वाईट. म्हणून आधी पार्श्वभूमी.

पोटेंटिला ही फ्लॉवर वर्गातली कॉर्व्हेट, म्हणजे काफिल्यांच्या राखणीची छोटी युद्धनौका. बांधणी स्कॉटलंडमध्ये रेनफ्रूला, सायमन्सच्या गोदीत. १९४२च्या सुरुवातीला ती नॉर्वेच्या नौदलाकडे आली. तोवर नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात जाऊन दोन वर्षं होत आली होती. राजा आणि सरकार ७ जून १९४०ला ट्रोम्सोहून ब्रिटिश क्रूझर डेव्हनशायरवरून निघून लंडनला आले होते आणि नौदलाचा कारभारही तिथूनच चालत होता. मॉन्टब्रेशिया, ॲकॅन्थस, एग्लँटाइन आणि रोझ या तिच्या चार बहिणी. पाचही बोटींची इंग्रजी फुलांची नावं नॉर्वेजियनांनी तशीच ठेवली. (पोटेंटिला उत्तराखंडच्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्समध्ये जुलै-ऑगस्टला भरपूर दिसते. तिथे जाऊन आलेल्यांनी फोटो पाहून घ्यावेत.)

या बोटी व्यापारी जहाजांचे काफिले राखणाऱ्या 'बी-६' नावाच्या मध्य-अटलांटिक रक्षक गटात होत्या. गटाचे दात म्हणजे दोन ब्रिटिश विनाशिका, फेम आणि व्हायकाउंट. ऑक्टोबर १९४२मध्ये या गटाने एससी १०४ हा ४७ जहाजांचा संथ काफिला आणला. त्यात आठ जहाजं गेली. पाच एकट्या यू-२२१ने बुडवली आणि त्यातली फागरस्टेन आणि सेंटा ही दोन नॉर्वेजियनच होती. बदल्यात १५ ऑक्टोबरला व्हायकाउंटने एक पाणबुडी धडक देऊन बुडवली आणि दुसऱ्या दिवशी फेमने यू-३५३. हिशोब वाईट दिसत नाही. पण धडक दिली की समोरच्याबरोबर आपलीही नाळ (बोटीचं पुढचं टोक) फुटते. दोन्ही विनाशिका दुरुस्तीला गोदीत गेल्या आणि एससी १०४चा उरलेला प्रवास चार नॉर्वेजियन कॉर्व्हेटींच्या भरवशावर झाला.

महिनाभरात बी-६ला पुढचा काफिला मिळाला, ओएन १४४, ब्रिटनकडून अमेरिकेकडे. विनाशिका एकही नाही. ब्रिटिश व्हर्व्हेन आणि नॉर्वेच्या पोटेंटिला, एग्लँटाइन, मॉन्टब्रेशिया, रोझ, अशा पाच कॉर्व्हेटी. ८ नोव्हेंबरला उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरवण्यासाठी रक्षक बोटी आधीच खेचून नेलेल्या, त्यामुळे उसनं मागायलाही कोणी नव्हतं. समोर जर्मन पाणबुड्यांची 'क्रॉइत्सऑटर' टोळी. क्रॉइत्सऑटर म्हणजे साप, आपल्या फुरशाचा युरोपातला भाऊबंद. १७ आणि १८ नोव्हेंबरला माउंट टॉरस, वाइडस्टोन, प्रेसिडेंट सेर्झां, पॅरिस्मिना आणि याका ही पाच व्यापारी जहाजं बुडाली. १८ला यू-२६२च्या पाणतीरांनी (टॉर्पेडोंनी) मॉन्टब्रेशिया गेली, तिच्यावरची निम्म्याहून जास्त माणसं गेली. त्यानंतर दोन दिवसांनी पोटेंटिलाचा तो हल्ला. कप्तान होते लेफ्टनंट कमांडर मोन्सेन.

वाइडस्टोन यू-१८४ने बुडवलं होतं, म्हणजे ती पाणबुडी तिथे होती हे नक्की. आणि २१ नोव्हेंबरपासून तिचा पत्ता नाही. दोन आणि दोन चार झाले आणि ती पोटेंटिलाच्या नावावर चढली.

---

जुना_बॉयलर

मांडणी छान. 'विनाशिका एकही नाही' हे वाक्य मात्र वाचणारा सहज ओलांडून जाईल. त्याचे आकडे देतो, मग ते टोचेल.

फ्लॉवर कॉर्व्हेट: लांबी ६२.५ मीटर, रुंदी १० मीटर, वजन ९२५ टनांच्या आसपास. पाण्यात ढकलणारा पंखा एकच. इंजिन उभं, चार सिलिंडरचं, तीन टप्प्यांत वाफ फुगवणारं, २,७५० अश्वशक्तीचं. दोन दंडगोल बॉयलर, तेलावर चालणारे. कमाल वेग १६ नॉट (तासाला १६ सागरी मैल), तोही समुद्र शांत आणि बूड स्वच्छ असेल तर.

काफिल्यावर येणारी साधारण पाणबुडी म्हणजे सात-सी जातीची. पाण्यावर तिचा वेग १७.७ नॉट. यू-१८४ तर नऊ-सी/४० जातीची, ती १८च्या वर जायची. म्हणजे रात्री पाण्यावर दिसलेली पाणबुडी सरळ पळाली तर कॉर्व्हेट तिला गाठूच शकत नाही. अंतर दर तासाला दीड-दोन सागरी मैलांनी वाढत जातं. विनाशिका ३० नॉटने मागे लागली की पाणबुडीला बुडी मारणं भाग पडतं, आणि बुडी मारली की ती ७ नॉटची होते. कॉर्व्हेट तिला बुडी मारायला लावू शकते ती फक्त तोफेच्या धाकाने. तोफ ४ इंची, एक.

दुसरं, जागेवर परतणं. काफिला ७ नॉटने चाललाय. कॉर्व्हेट तासभर एका जागी शोधत राहिली तर काफिला ७ मैल पुढे. तिचा जादा वेग १६ वजा ७, म्हणजे ९ नॉट. परत जागेवर यायला पाऊण तासाच्या वर. एका संशयावर पावणेदोन तास काफिल्याभोवतीच्या रक्षक-कड्यात भोक. त्यात नोव्हेंबरचा उत्तर अटलांटिक, नाळ लाटेत घुसतेय, १६ नॉट फक्त कागदावर.

हे इंजिन एवढं जुनाट का, हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच सांगतो. टर्बाइनची दातेरी चाकं कापणारे कारखाने मोजके आणि ते विनाशिकांसाठी राखलेले. उभं वाफेचं इंजिन व्यापारी जहाजांचे कुठलेही कारखाने करू शकत, आणि बोलावून आणलेले व्यापारी इंजिनिअर ते डोळे झाकून चालवत. बिघडलं तर कोणता बेअरिंग तापलाय हे हात लावून कळतं. टर्बाइनमध्ये हात लावायची सोय नाही.

---

मीरा_काठावर

वाचनखूण साठवली. दोन शंका. इतकी हळू बोट महासागरात पाठवलीच का? आणि फ्लॉवर वर्ग व्हेल-बोटीवरून आला असं वाचलंय, तर नॉर्वेच्या लोकांना ती दिली त्याचा याच्याशी संबंध आहे का?

---

खारेवारे

मीराताई, पहिल्याचं उत्तर: ती महासागरासाठी नव्हतीच. मूळ कल्पना किनाऱ्याजवळच्या राखणीची. मिडल्सबरोजवळच्या स्मिथ्स डॉक कंपनीत विल्यम रीड यांनी १९३६च्या 'सदर्न प्राइड' या व्हेल-शिकारी बोटीचा आराखडा घेतला, लांबी आणि इंजिन वाढवलं आणि कॉर्व्हेट तयार झाली. मग फ्रान्स पडला, पाणबुड्यांना बिस्केच्या किनाऱ्यावर तळ मिळाले, युद्ध मध्य-अटलांटिकपर्यंत सरकलं आणि संख्येने जी बोट हाताशी होती ती पुढे ढकलली गेली. १२ नॉटने ३,५०० सागरी मैल जाण्याइतकं तेल तिच्यात मावायचं, हे नशीबच.

व्हेल-बोटीचा गुण एक मोठा: ती जागच्या जागी वळते. देवमासा जसा अचानक दिशा बदलतो तसंच पाणबुडीचं. अवगुणही तिथलाच. गोलसर बूड, त्यामुळे बोट बुडत नाही, पण डोलणं थांबतही नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: बोटी दिल्या त्या व्हेलवाल्यांना म्हणून नव्हे. ब्रिटनकडे माणसांपेक्षा बोटी जास्त झाल्या होत्या आणि नॉर्वेकडे खलाशी होते पण बोटी नव्हत्या. पण माणसांत व्हेलवाले होते हे खरं. जर्मनांनी एप्रिल १९४०मध्ये नॉर्वे घेतला तेव्हा नॉर्वेचा अंटार्क्टिकमधला व्हेल-ताफा देशाबाहेर होता. त्यातले बरेच कॅनडात हॅलिफॅक्सकडे वळले आणि नोव्हा स्कोशियात लुनेनबर्गला त्यांच्यासाठी 'कॅम्प नॉर्वे' ही प्रशिक्षण छावणी उघडली गेली. योगायोग पाहा, एससी १०४मध्ये यू-२२१ने बुडवलेल्या पाचांपैकी एक 'सदर्न एम्प्रेस' होतं, म्हणजे व्हेलचं तेल काढणारं तरंगतं कारखाना-जहाज. त्या फेरीत त्याच्या टाक्यांत इंधन तेल होतं आणि डेकवर सैन्य किनाऱ्यावर उतरवायच्या होड्या.

---

पिंगमास्तर

यू-१८४चं कोडं सोडवायचं तर डेप्थ चार्जचा (ठरावीक खोलीवर फुटणाऱ्या स्फोटकांच्या पिंपांचा) हल्ला कसा होतो हे सेकंदासेकंदाने बघावं लागेल. नाहीतर 'हल्ला केला, पाणबुडी गायब, म्हणजे बुडाली' हे सगळ्यांना पटतच राहील.

सुरुवातीच्या कॉर्व्हेटींवर ॲस्डिकचा (ध्वनीने पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा, आजच्या सोनारचा) १२३ नंबरचा संच असे. बुडाखाली घुमट, त्यात ध्वनी सोडणारा-ऐकणारा भाग. ऑपरेटर एका बाजूपासून नाळेकडे पाच-पाच अंशांनी सरकत जातो. एक पिंग (ध्वनीचा ठोका), ऐकणं, पाच अंश, पुन्हा पिंग. २,५०० यार्डांवर संच लावला तर पिंग जाऊन यायला तीन सेकंद. प्रत्यक्षात १,५०० यार्डांत मिळाला तर चांगला प्रतिध्वनी. वादळात घुमटाखालून बुडबुडे गेले की तेवढाही नाही.

प्रतिध्वनी आला की पहिला प्रश्न, हे काय आहे? देवमासा, माशांचा थवा, आधीच्या स्फोटाने घुसळलेलं पाणी, सगळेच प्रतिध्वनी देतात. ऑपरेटर स्वर ऐकतो. प्रतिध्वनीचा स्वर पाण्याच्या गुंजनापेक्षा वर असेल तर वस्तू आपल्याकडे येतेय, खाली असेल तर दूर जातेय, सारखा असेल तर आडवी किंवा स्थिर. मग डावी कड, उजवी कड शोधायची, म्हणजे जिथे प्रतिध्वनी सुटतो ते दोन कोन. मध्य म्हणजे लक्ष्य.

शेजारी नोंदयंत्र. त्यात पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्चने ओलावलेला कागद सरकतो आणि लेखणीतून वीज गेली की तपकिरी ठिपका उमटतो. दर पिंगला एक ठिपका. ठिपक्यांच्या रेघेचा उतार म्हणजे जवळ जाण्याचा वेग. उताराला पट्टी लावायची, पट्टी खुणेवर आली की चार्ज सोडायचे. कागद वाळला की ठिपका उमटत नाही, म्हणजे ऐन वेळी पट्टी हवेत.

आता मुख्य दोष. ध्वनीचा झोत समोर जातो, तो खाली वाकवता येत नाही. बोट जवळ गेली की पाणबुडी झोताच्या खाली निसटते आणि संपर्क तुटतो. जितकी खोल, तितक्या लांबून तुटतो. आणि चार्ज तर पिछाडीवरून पडतात. हिशोब करा:

समजा २०० यार्डांवर, म्हणजे १८३ मीटरवर, संपर्क तुटला. १४ नॉट म्हणजे सेकंदाला ७.२ मीटर. तिथवर पोचायला २५ सेकंद. घुमटापासून पिछाडीच्या घसरणीपर्यंत ४५ मीटर धरा, आणखी ६ सेकंद. चार्ज सेकंदाला १० फूट बुडतो, १५० फुटांवर लावला असेल तर १५ सेकंद. एकूण ४६ सेकंद आंधळे. तेवढ्यात ३ नॉटने जाणारी पाणबुडी ७० मीटर सरकते, पूर्ण वेग लावला तर १६० मीटर. आणि चार्जचा मारक पल्ला? सहा-सात मीटर.

म्हणून एक चार्ज कधीच टाकत नाहीत. पाचाचा चौकट: तीन पिछाडीच्या रुळांवरून एकामागे एक, आणि मधल्याच्या वेळेला दोन्ही बाजूंच्या फेकयंत्रांतून एक-एक. पत्त्यांतल्या चौकटच्या पंजीत मधला ठिपका असतो तसा आकार. पुढे दहाचा आला, त्यात हाच आकार दोन खोल्यांवर, वरचे साधे आणि खालचे लोखंडी वजन बांधून जड केलेले, जे लवकर बुडतात.

खोली चुकली की सगळं फुकट. चार्जच्या पोटात पाण्याच्या दाबावर चालणारा चाप असतो, त्याला किल्लीने ५०, १००, १५० फूट वगैरे लावायचं. सात-सी पाणबुडी २०० मीटरच्या खाली जाऊ शकते. वरच्या थरात फुटलेल्या चार्जने आत दिवे फुटतात, माणसं हादरतात, पण कवच शाबूत.

---

तांडेल_७२

पिंगमास्तर, एकच पुरवणी. साठा. सुरुवातीच्या फ्लॉवरवर ४० चार्ज. एकेक चार्ज जवळपास १९० किलो, त्यात स्फोटक १३० किलोच्या वर. दहाच्या पद्धतीने टाकले तर चार हल्ल्यांत बोट रिकामी. चार दिवस चाललेल्या ओएन १४४सारख्या लढाईत कप्तान प्रत्येक संशयावर पूर्ण हल्ला करूच शकत नाही, त्याला मोजून खर्च करावा लागतो. पुढे साठा ७०च्या घरात नेला, काफिल्यातल्या काही व्यापारी जहाजांवर जादा चार्ज ठेवायला सुरुवात झाली.

आणि भरणं! फेकयंत्र एकदा उडालं की १९० किलोचं पिंप छोट्या डेरिकने उचलून, डोलणाऱ्या ओल्या डेकवर, अंधारात, पुन्हा बैठकीवर बसवायचं. पिंप हातातून सुटलं तर डेकभर गडगडतं. ते फुटत नाही, कारण फुटायला पाण्याचा दाब लागतो, पण पाय मात्र मोडतो.

अजून एक, संथ बोटीचा खास त्रास. ५० फुटांवर लावलेला चार्ज पाच-सहा सेकंदांत फुटतो. १४ नॉटला बोट तोवर जेमतेम ४० मीटर पुढे. स्वतःच्याच स्फोटाने जनित्राचे स्विच पडतात, दिवे जातात, ॲस्डिक बंद. मग प्रतिध्वनी परत शोधणार कसा? कॉर्व्हेटला उथळ हल्ला म्हणूनच महाग पडायचा.

---

कडवट_काका

सगळं मान्य. पण हल्ल्यानंतर तेल वर येतं, फळ्या येतात, आवाज ऐकू येतात. तेवढ्यावरून कळत नाही? नॉर्वेजियनांचं श्रेय काढून घ्यायची एवढी घाई का?

---

पिंगमास्तर

काका, श्रेय काढायची घाई असती तर चाळीस वर्षं लागली नसती.

तेल: पाणबुडीच्या इंधन-टाक्या मुख्य कवचाच्या बाहेर असतात. एखादी शिवण उसवली की तेलाचा पट्टा उमटतो आणि पाणबुडी तशीच निघून जाते. फळ्या: काफिल्यातली पाच जहाजं बुडालेली, त्या दिवसांत समुद्रावर फळ्यांना काय तोटा. आवाज: चार्जच्या स्फोटानंतर मिनिटंच्या मिनिटं पाणी खदखदतं. १९४२पासून तर जर्मनांनी कॅल्शियम हायड्राइडच्या डब्या सोडायला सुरुवात केली होती. पाणी लागलं की बुडबुड्यांचा ढग होतो आणि ॲस्डिकला तो पाणबुडीसारखा वाटतो.

लंडनमध्ये यासाठी समिती होती आणि ती कंजूष होती. 'नक्की बुडाली' हा शेरा कैदी, प्रेत किंवा तत्सम पुरावा असल्याशिवाय सहसा मिळत नसे. पण युद्ध संपल्यावर जर्मन पाणबुडी मुख्यालयाची रोजनिशी हाती आली. मग पद्धत अशी झाली: इकडे हल्ल्याची वेळ आणि जागा, तिकडे बेपत्ता पाणबुड्यांची यादी, जवळची जोडी लावून मोकळे. यू-१८४ आणि पोटेंटिला ही तशीच जोडी. परत न आलेली पाणबुडी स्वतःची बाजू सांगू शकत नाही, हा या पद्धतीतला घोळ.

नंतर परत आलेल्या पाणबुड्यांच्या रोजनिश्या एकेक करून लावून पाहिल्या, तेव्हा त्याच वेळी त्याच जागी चार्ज खाल्ल्याची नोंद यू-२६४च्या रोजनिशीत निघाली. किरकोळ नुकसान. म्हणजे पोटेंटिलाने गाठली ती यू-२६४, ओएन १४४मध्ये माउंट टॉरस बुडवणारी.

आणि हे एकट्या पोटेंटिलाच्या बाबतीत नाही, बी-६च्या खात्यातल्या बऱ्याच नोंदी हलल्या आहेत. व्हायकाउंटने एससी १०४मध्ये धडक दिलेली पाणबुडी आधी यू-६१९ मानत, आता यू-६६१. फेब्रुवारी १९४३मध्ये ओएन १६५ काफिल्याच्या वेळी फेम आणि व्हायकाउंटने एकाच दिवशी एकेक पाणबुडी मारली. त्या दोघींची अदलाबदल झाली: फेमकडे यू-६९ आली, व्हायकाउंटकडे यू-२०१. तिथे ब्रिटिशांचंच श्रेय ब्रिटिशांत फिरलं, कोणी बोललं नाही.

---

कडवट_काका

यू-२६४चा मुद्दा पटला. 'घाई' शब्द मागे.

---

मीरा_काठावर

यू-२६४चं पुढे काय झालं?

---

खारेवारे

१९ फेब्रुवारी १९४४ला वुडपेकर आणि स्टार्लिंग या ब्रिटिश स्लूपनी (राखणीच्या छोट्या युद्धनौकांनी) तिला वर यायला लावलं आणि बुडवलं. कप्तान हार्टविग लूक्स. सगळेच्या सगळे ५२ जण वाचून कैद झाले. श्वासनळी (पाण्याखाली असताना इंजिनाला हवा देणारी नळी) बसवलेल्या पाणबुड्यांपैकी गमावलेली ती पहिली.

---

रडारराव

सगळे ॲस्डिकवर बोलताहेत. रात्री पाण्यावरून येणाऱ्या पाणबुडीला ॲस्डिक जवळजवळ निरुपयोगी, तिथे २७१ नंबरचं रडार. १० सेंटिमीटरच्या आसपासची लहर, ब्रिजमागे कंदिलासारखं काचेरी खोपटं, आत अँटेना. अँटेना हाताच्या चाकाने फिरवायचा, खाली बसून. केबलला पीळ पडतो म्हणून तो एका दिशेने गोल-गोल फिरवत राहता येत नाही, मर्यादेला आला की उलटा. आताच्यासारखा नकाशा पडद्यावर नाही, फक्त एक आडवी रेघ आणि तिच्यावर उठलेला काटा. लाटांचे काटे पाणबुडीच्या काट्याइतकेच उंच.

पाण्यावरची पाणबुडी ५,००० यार्डांवर मिळाली तर भाग्य. आता पाच बोटींचं कडं पाहा. नऊ रांगा, रांगांत १,००० यार्ड, रांगेत चार जहाजं धरली तर काफिला ७.३ किलोमीटर रुंद, दीड-पावणेदोन किलोमीटर लांब. रक्षक ४,००० यार्ड बाहेर. परिघ ढोबळ ४७ किलोमीटर, पाचांत वाटला तर प्रत्येकी साडेनऊ. एका रडारचा दोन्ही बाजूंचा पल्ला मिळून ९. म्हणजे सगळ्या जागेवर असताना, सगळी रडार चालू असताना, कडं जेमतेम जुळतं. एक कॉर्व्हेट संशयामागे गेली की दार उघडं. मॉन्टब्रेशिया गेल्यावर तर चारच उरल्या.

शिवाय पाणबुड्या एकमेकींना संदेश पाठवतात, तो पकडून दिशा सांगणारा संच बहुतेक विनाशिकांवर असे. फेम-व्हायकाउंट गोदीत गेल्या त्या वेगाबरोबर हा कानही घेऊन गेल्या. माझ्या मते ओएन १४४ची पाच जहाजं तिथेच गेली.

---

जुना_बॉयलर

रडाररावांशी निम्मा सहमत. कान असता तरी १६ नॉटने त्या दिशेला धावून पाणबुडी हाकलणार कोण? दोन्ही हवं, कान आणि पाय. पुढच्याच महिन्यात एचएक्स २१७ काफिल्यात याच गटाला फेम परत मिळाली, जोडीला पोलिश विनाशिका बुर्झा आणि आइसलंडहून लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं. मोठी टोळी अंगावर येऊनही जहाजं गेली दोनच, आणि यू-२२१ आपल्याच यू-२५४वर आदळली. कॉर्व्हेटी बऱ्याचशा त्याच, पोटेंटिलासुद्धा.

---

सह्याद्रीकर

थोडं अवांतर. फ्लॉवर वर्गात 'महरट्टा' नावाची बोट होती ना? आर्क्टिक काफिल्यात बुडालेली तीच का?

---

तांडेल_७२

दोन वेगळ्या बोटी, नेहमी गल्लत होते. आर्क्टिकला बुडाली ती ब्रिटिश विनाशिका महरट्टा. जेडब्ल्यू ५७ काफिल्याबरोबर असताना २५ फेब्रुवारी १९४४ला यू-९९०ने बुडवली. दोनशेवर माणसं गेली, वाचलेले वीसही नव्हते. फ्लॉवर वर्गातली महरट्टा म्हणजे आधीची 'चारलॉक'. ती पुढे रॉयल इंडियन नेव्हीकडे आली, सोबत आसाम, गोंडवन आणि सिंध. या चौघी सुधारित फ्लॉवर, पोटेंटिलाच्या धाकट्या बहिणी म्हणा.

नॉर्वेच्या आर्क्टिकमधल्या कामगिरीसाठी 'स्टूर्ड' ही विनाशिका बघा, २६ डिसेंबर १९४३ला शार्नहोर्स्ट या जर्मन युद्धनौकेवर आठ पाणतीर सोडणारी. पण त्याला वेगळा धागा हवा.

---

मीरा_काठावर

मॉन्टब्रेशियावर इतकी माणसं गेली. छोट्या बोटीवर पाणतीर म्हणजे असंच का?

---

तांडेल_७२

९२५ टनांच्या बोटीला पाणतीर म्हणजे बहुतेकदा काही मिनिटांचा खेळ, कधी तेवढाही नाही. बॉयलर आणि इंजिनच्या जागा मोठ्या, मध्ये भिंती कमी. माणसं झोपतात नाळेकडे.

दुसरा धोका फार कमी लिहिला जातो. पिछाडीवर तयार ठेवलेले डेप्थ चार्ज. बोट बुडाली की ते तिच्याबरोबर खाली जातात आणि लावलेल्या खोलीवर आले की फुटतात, आणि त्या वेळी वर पोहणारी माणसं असतात. छातीपर्यंत पाण्यात असलेल्या माणसाला धक्का पोटात बसतो, वरून जखम दिसत नाही. म्हणून बोट सोडायचा हुकूम झाला की चार्जवाल्याचं शेवटचं काम म्हणजे प्रत्येक चाप किल्लीने 'सुरक्षित'वर फिरवणं किंवा स्फोट पेटवणारी नळी काढून टाकणं. चाळीस पिंपं, कललेला डेक, अंधार, दोन मिनिटं. ज्या गटांत शिस्त होती तिथे गरजेपुरतेच चार्ज तयार ठेवत, बाकीचे सुरक्षितवर. पण मग अचानक पाणबुडी दिसली की किल्ली फिरवण्यात सेकंद जातात. दोन्हीकडून कप्तानाचीच कोंडी. मॉन्टब्रेशियाबाबत नेमकं हेच घडलं असं मी म्हणत नाहीये, गैरसमज नको.

---

चिकटपट्टी

मॉडेलवाल्यांसाठी: १:७२चा जुना मॅचबॉक्सचा फ्लॉवर साचा रेव्हेलनेही काढला. पूर्ण लांबी ८७ सेंटिमीटरच्या आसपास, आधी कपाट मोजा. त्यावरून पोटेंटिला करता येईल का?

---

खारेवारे

करता येईल, पण नाळेकडचा उंच डेक आधी ठरवा. मूळ आराखड्यात तो आखूड, ब्रिजच्या पुढे खोलगट उघडा डेक. स्वयंपाकघर मागे, माणसं पुढे, म्हणजे जेवणाचं पातेलं त्या खोलगटातून, लाटा चुकवत न्यायचं. पोचेपर्यंत गार आणि खारट. पुढे उंच डेक मागपर्यंत लांबवला आणि खोलगट झाकला गेला. फोटोची तारीख पाहिल्याशिवाय करवत लावू नका, १९४२ आणि १९४४ची एकच बोट दोन वेगळ्या बोटींसारखी दिसते.

बाकी नोंदी पुऱ्या करतो. पोटेंटिला मार्च १९४४मध्ये ब्रिटिश नौदलाला परत केली, युद्धानंतर भंगारात गेली. रोझ २६ ऑक्टोबर १९४४ला ब्रिटिश फ्रिगेट मॅनर्सशी टक्कर होऊन बुडाली. ॲकॅन्थस आणि एग्लँटाइन युद्धानंतरही नॉर्वेकडे राहिल्या, नवी नावं घेऊन. या वर्गातल्या काही बोटी पन्नाशीच्या दशकात व्हेलच्या शिकारीला लागल्या.

आपल्या यादीत नोंद अशी बदलली आहे, कोणाला हरकत असेल तर आज-उद्यात सांगा:

पोटेंटिला. २० नोव्हेंबर १९४२, ओएन १४४. डेप्थ चार्ज हल्ला, यू-२६४वर. किरकोळ नुकसान.
यू-१८४. २१ नोव्हेंबर १९४२पासून बेपत्ता, न्यूफाउंडलंडच्या पूर्वेला. ५० मृत. कारण अज्ञात.

---

कडवट_काका

हरकत नाही. फक्त 'किरकोळ नुकसान'च्या आधी 'पाच कॉर्व्हेटींपैकी एक गमावल्यावर' एवढं जोडा.

---

खारेवारे

जोडलं.